बाई, तो दोष तुमचा नव्हता

बाई, तुम्हाला पोहोचवून माणसं परत आली, हातपाय धुऊन अंगणात टेकली, आणि कडुनिंबाखालच्या सतरंजीवरून कोणीतरी म्हणालं, "शेवटी त्या जाळीनंच नेलं बिचारीले."

मी आत बायकांत बसले होते. उठले, पदर सावरायचंही भान नव्हतं, तशीच दारात जाऊन उभी राहिले. म्हटलं, "जाळीनं नाही, तापानं नेलं. डोक्यात चढलेल्या तापानं. डॉक्टरनं तुमच्यासमोर सांगतलं ना? जाळी तर बाईनं कधीचीच काढून टाकली होती." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मयताच्या घरी, तुमची राख निवायच्या आत, मी भांडण काढलं होतं. मला त्याची लाज वाटली नाही. तुमच्या घरातून जाताना मी कधी न भांडता गेले होते का?

तुमचे मालक, म्हणजे माझे भासरे, भिंतीला पाठ लावून बसले होते. त्यांनी वर पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. ते तर जन्माचे मुके. तोंडात जीभ आहे हे फक्त जेवताना कळतं, असं तुम्हीच म्हणायच्या.

जावाजावा उभा दावा ही म्हण आपल्या दोघींसाठीच कोणीतरी करून ठेवली असावी. मी धाकटी, लग्न होऊन आले तेव्हा दहावी पास म्हणून जरा तोऱ्यात होते, आणि तुम्ही सातवीपर्यंत शिकून मला शहाणपण शिकवायच्या. भाजीत मीठ कमी म्हणून भांडलो, सासूबाईंना आंघोळीचं पाणी कोणी द्यायचं यावरून भांडलो. एकदा कोंबडीवरून जे वाजलं, त्याचा पोळ्यापासून कापूस फुटेपर्यंत अबोला टिकला. मग आम्ही महागावला राहायला गेलो, मी बसस्टँडच्या रस्त्यावर शिलाई मशीन टाकलं, आणि तुम्ही बाजाराच्या दिवशी माझ्या दुकानात येऊन बसायला लागल्या. लांब गेल्यावर जाऊ गोड लागते. तुम्ही आणलेले तुरीचे ओले सोले आणि गावच्या बातम्या, दोन्ही मला हवंहवंसं वाटायला लागलं.

तुमचं अंग बाहेर यायचं, हे मला घरात असतानाच माहीत होतं. आपल्याकडे त्या दुखण्याला एवढंच नाव आहे, आणि तेही मान खाली घालून घेतात. लेकरं झाली, बाळंतपणातून उठून लगेच निंदणाला गेलात, डोक्यावर पाणी वाहिलं, सरपण वाहिलं, आणि कधीतरी गर्भाची पिशवी खाली उतरली. तुम्ही फडक्याचा बोळा करून ती आत दाबून धरायच्या आणि वर लुगडं घट्ट कसून शेतात जायच्या. दुखणं अंगावर काढणं म्हणजे काय ते मी तुमच्याकडे पाहून शिकले. गावात अशा किती बाया होत्या देव जाणे. सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी.

मग कोणीतरी सांगितलं म्हणून तुम्ही शहरातल्या एका खासगी दवाखान्यात गेलात. तिथल्या डॉक्टरनं सांगितलं, पिशवी काढायची गरज नाही, आतून जाळी बसवू, ती सगळं वर उचलून धरेल, आयुष्यभर पाहायला नको. परत आल्यावर तुम्ही मला ते असं समजावलं होतं, जसं मीच अडाणी. "तू नाई का, इरलेल्या ब्लाउजले आतून कापड लावत? तसंच व. फक्त मांसाले लावलं." आणि खरंच, पहिले काही महिने तुम्ही इतक्या हलक्या झालात की चालताना पोरीसारख्या दिसायच्या. तुमच्या त्या चालण्याचा मला हेवा वाटला होता.

त्या डॉक्टरनं जाताना एक गोष्ट बजावली होती. वजन उचलायचं नाही. तुम्ही ती अक्षरशः पाळली. घागरीला हात लावला नाही, मोळी बांधली नाही, नातवाला कडेवर घेतलं नाही. पण कापूस फुटला तशा ओटी बांधून वेचायला गेलात. ओटी म्हणजे वेचताना पोटाशी बांधायची कापडाची मोठी झोळी. दोन्ही हातांनी बोंडातून कापूस काढायचा आणि पोटावरच्या झोळीत टाकत पुढं जायचं. सकाळचा दवानं भिजलेला कापूस भरला की ती ओटी कमरेला अशी ओढते की बाई वाकलेलीच राहते. तुम्हाला कोणी विचारलं असतं तर तुम्ही छातीठोक सांगितलं असतं की मी वजन उचललं नाही. ओटी तर बांधतात, उचलत नाहीत. आणि कापसाला का कोणी वजन म्हणतं?

ती वर्षंही तशी होती. कापसाचं काही खरं नव्हतं. बियाणं नवं, कीड नवी, भाव मात्र जुनाच. पऱ्हाटीवर लाल्या रोग आला की पानं तांबडी पडायची आणि जे काही फुटलं असेल ते पटापट वेचून घरी आणायची घाई व्हायची. अशा वेळी घरातली सगळ्यात चपळ हातांची बाई बाजेवर पडून राहील, हे तुम्हालाच पटलं नसतं.

पुढच्या पावसाळ्यात पांढरं जायला लागलं. मग रक्ताचे डाग. मग बसलं की आत काहीतरी टोचायचं. तुम्ही तालुक्याच्या एका डॉक्टरकडे गेलात. त्यानं न तपासताच गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाला, वजन उचललं असेल. बस, तेवढा शब्द तुम्ही पदराच्या गाठीला बांधून घरी आणला. तुम्हाला ओटी आठवली. त्या दिवसापासून तुम्ही स्वतःला गुन्हेगार ठरवून टाकलं, आणि गुन्हेगार माणूस डॉक्टरकडे कशाला जाईल? दुखणं वाढत गेलं आणि तुम्ही गप्प होत गेलात. भासऱ्यांनी बाज अंगणात नेली. गावाला वाटलं, नवराबायकोचं बिनसलं.

तुम्ही खाली बसणं सोडलं. स्वयंपाक उभ्यानं, जेवण उभ्यानं, भांडी तेवढी कशीबशी एका मांडीवर रेलून. लग्नाच्या पंगतीत तुम्ही वाढायला उभ्या राहायच्या आणि शेवटी कोपऱ्यात भिंतीला टेकून खायच्या. रविवारी विहारात वंदनेला सगळ्या बाया सतरंजीवर, आणि तुम्ही मागे दाराशी. लोक बोलायचे. "पंचफुला मोठी झाली, आता भुईवर बसत नाई." त्याच साली वर्षावासात, पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, विहारात धम्माचा ग्रंथ वाचायला कोणी तयार होईना, तेव्हा कोणीतरी टोमणा मारला की पंचफुलाबाई उभीच आहे, तिलाच वाचू द्या. तुम्ही पुढं गेलात आणि वाचलंत. सातवी पास बाईचं ते वाचन ऐकायला पुढं शेजारच्या गावच्या बायाही यायला लागल्या. टोमणा मारणारा पहिल्या रांगेत बसायचा, हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

मला कळलं ते परकरामुळे. तुम्ही दुकानात आलात आणि म्हणालात, "नाडीचा नको शिवू. पोटावर रुतते. वरूनच सैल, खांद्यावरून पट्ट्या लावून दे." मी म्हटलं, "बाई, हा काय झबला आहे का?" तुम्ही हसला नाहीत. तिथेच माझी सुई थांबली. मी स्टूल पुढं केलं, तुम्ही बसला नाहीत. मग मी दुकानाचा पडदा ओढला आणि म्हटलं, आता सांगा.

तुम्ही उभ्याउभ्या सगळं सांगितलंत. टोचतं कुठं, जातं काय, वास कसा येतो. शेवटी म्हणालात, "त्याईले बी टोचलं, व. माणूस घाबरला ना. म्हने, तुह्या अंगात काटा हाय." एवढं बोलून तुम्ही खदखदून हसायला लागलात, आणि हसता हसताच डोळे पुसायला लागलात. मीही हसले. मग दोघी रडलो. बाहेर एक बाई ब्लाउज घ्यायला उभी होती, तिला मी उद्या ये म्हणून ओरडले.

"नागपूरले जाऊ," मी म्हटलं.

"कायले? डॉक्टर रागावतीन. म्या ओटी बांधली ना. माह्याच हातानं केलं म्या."

"रागावू दे. मी आहे ना भांडायला."

"तू काहून भांडशील? तू त माह्यासंगच भांडत असते."

यवतमाळवरून नागपूरच्या एसटीत तुम्ही उभ्यानं आलात. अर्धी गाडी रिकामी होती. कंडक्टर दोनदा म्हणाला, "बाई, जागा हाय, बसा ना." तुम्ही म्हणालात, "मले उभं राहाचं हाय. तुमची गाडी मोडून राह्यली का?" त्यानं पुन्हा विचारलं नाही.

नागपूरच्या त्या मोठ्या दवाखान्यात आपल्याला भेटल्या त्या डॉक्टरीण बाई वयानं माझ्याएवढ्याच असतील. त्यांनी आधी सगळं नीट विचारून घेतलं. वजन वगैरे उचललं होतं का, हेही विचारलं. तुम्ही चटकन म्हणालात, नाही हो, कधीच नाही. मी तुमच्याकडे पाहिलं, तुम्ही भिंतीकडे. मग तपासणीच्या टेबलावर झोपल्यावर, त्यांचा हात अजून लागलाही नव्हता, तुम्ही छताकडे बघत म्हणालात, "डॉक्टरीणबाई, मी खोटं बोलली. म्या ओटी बांधली होती. पूर्ण वेचणी केली."

त्यांना ओटी म्हणजे काय ते कळलं नाही. तुम्ही टेबलावर उठून बसायचा प्रयत्न केलात, दुखलं, मग तसंच पडल्यापडल्या अंगावरची चादर पोटाशी गुंडाळून दाखवलीत. इथं गाठ, इथं कापूस, असं ओढते. त्या बाईनं सगळं ऐकून घेतलं. मग तपासलं. बराच वेळ तपासलं, आणि तुम्ही दात आवळून सोसलंत. हात धुऊन त्या तुमच्या डोक्याशी येऊन उभ्या राहिल्या.

"पंचफुलाबाई, वजनानं अंग पुन्हा खाली उतरू शकतं, म्हणून वजन उचलू नका म्हणतात. पण तुमचं हे दुखणं त्यामुळं झालेलं नाही. ती जाळी आतल्या मांसाला सोसली नाही. योनीमार्गाच्या भिंतीतून तिची कड बाहेर आली आहे, तीच टोचते. बाजूची जाळी आवळून गोळा झाली आहे. घरी बसून राहिल्या असत्या तरी हे होऊ शकलं असतं. यात तुमची चूक नाही."

"नाई?"

"नाही."

तुम्ही तोंडावर पदर घेतलात. तुमच्या आईच्या मरणात मी तुम्हाला रडताना पाहिलं होतं, पण हे रडणं वेगळं होतं. आतून कोणीतरी जड दगड काढून बाहेर ठेवत होतं. मला त्या डॉक्टरीण बाईंच्या पाया पडावंसं वाटलं. आणि त्या तालुक्याच्या डॉक्टरच्या कानाखाली वाजवावंसंही वाटलं, हे तुमच्यापासून काय लपवायचं.

मग त्यांनी पुढचं सांगितलं, आणि काही लपवलं नाही. जाळी काढणं बसवण्यापेक्षा कठीण असतं. मांस तिच्या भोकाभोकांतून वाढलेलं असतं. पूर्ण निघेलच असं नाही. लघवीच्या पिशवीला इजा होऊ शकते. जाळी काढल्यावर अंग परत उतरू शकतं. दुखणं कमी होईल, पण पार जाईल असा शब्द त्या देत नव्हत्या. मी शिवणारी बाई, मला ते लगेच समजलं. शिवण चुकली तर उसवताना कापडही जपावं लागतं, आणि घाई केली की भोक पडतं. तुम्ही मात्र माझ्यापेक्षा चांगले प्रश्न विचारलेत. तुम्ही विचारलंत, "मंग मी बसू शकीन?" आणि त्या हो म्हणाल्यावर विचारलंत, "आन मालकाले टोचनार नाई ना?" शिकाऊ डॉक्टर मुली खाली मान घालून हसल्या. तुम्ही हसला नाहीत. तुम्हाला उत्तर हवं होतं, आणि ते मिळाल्यावरच तुम्ही कागदावर सही केली. भासऱ्यांना बोलवायचं का असं नर्सनं विचारलं, तर म्हणालात, अंग माझं आहे, सही माझीच चालेल.

पहिल्या वेळी त्यांनी फक्त बाहेर आलेली कड कापली आणि वरून टाके घातले. आपण पेढे वाटायच्या बेतात होतो आणि काही महिन्यांत ती पुन्हा डोकावली. त्या वेळी तुमची हिंमत खचेल असं मला वाटलं. आगीतून फुफाट्यात म्हणत मीच रडत बसले होते. तुम्ही म्हणालात, "अर्ध उसवून कोन ठेवते व? पूर्ण काढा म्हना."

दुसरं ऑपरेशन लांबलचक झालं. लघवीच्या पिशवीमागची सगळी आवळलेली जाळी त्यांनी तुकड्यातुकड्यानं सोडवून काढली. हाडाकडे गेलेले तिचे दोन बंद तसेच ठेवले, कारण ते काढायला गेलं तर रक्त आवरलं नसतं. "या वेळी परकं काही घातलं नाही, तुमच्याच मांसाला टाके घातले," असं त्यांनी सांगितलं. लघवीची नळी काही दिवस ठेवली होती. शुद्धीवर आल्यावर तुम्ही पहिलं काय मागितलं असेल? ती जाळी बघायला मागितली. नर्सनं तपासणीला पाठवायच्या आधी बाटली दाखवली. निळसर, रक्ताळलेले, नखाएवढे तुकडे. तुम्ही बराच वेळ पाहिलंत. मग म्हणालात, "एवढुशीनं मले उभं ठेवलं?"

महिनाभरानं तुम्ही माझ्या दुकानात आलात आणि काही न बोलता स्टुलावर बसलात. मी शिवत राहिले, कारण वर पाहिलं असतं तर मशीन चालवणं जमलं नसतं. तुम्ही चहा मागवायला लावलात, तो बसून प्यायलात, आणि माझ्या काजांच्या हातशिलाईत खोडही काढलीत. थोडं दुखणं राहिलं होतं. मोठ्यानं हसलं की लघवीचे थेंब जायचे. डॉक्टरीण बाईंनी आवळायचा व्यायाम शिकवला होता, तो तुम्ही पोळ्या लाटताना करायच्या. हसू नका म्हटलं की तुम्ही आणखी हसायच्या.

बाई, आता त्या संध्याकाळचं सांगते जिचा मला सगळ्यात जास्त अभिमान आहे. वर्षावास चालू होता. आता तुम्ही बसून वाचू शकत होतात, पण सवयीनं उभ्याच राहिलात. त्या दिवशीचं वाचन संपलं, तुम्ही ग्रंथ कापडात गुंडाळून ठेवलात, आणि पुरुषमंडळींना म्हणालात, "तुमी थोडं बाहीर बसा. मले बायाइसंग बोलाचं हाय." कोणी म्हणालं, विहारात काय बायकी गोष्टी? तुम्ही म्हणालात, "दुःख काय अन् कायनं होते, हेच सांगाचं हाय. थे बी इथं नाई सांगाचं त कुठं?" पुरुष उठून बाहेर गेले. भासरे सगळ्यांत आधी उठले.

मग तुम्ही सांगितलंत. नाव घेऊन सांगितलंत. अंग बाहेर येणं, बोळा, जाळी, पांढरं, रक्त, टोचणं, दोन ऑपरेशनं, सगळं. ओटीचं सांगताना तुमचा आवाज थोडा चढला. "म्या सालोसाल सोताले शिव्या देल्या. तुमी नोका देऊ. दुखलं त दवाखान्यात जा, आन डॉक्टरपाशी खरं बोला. खोटं बोललं त थो आपल्याले काय दुरुस्त करीन?" मग एक म्हातारी बोलली, जिला मी तोवर फक्त भांडताना ऐकलं होतं. "माय, माहं त वीस-पंचवीस साल झाले, बाहीरच हाय." तिच्यामागून दुसरी बोलली, मग तिसरी. जाळी फार थोड्यांच्या अंगात होती. बाकीच्यांचं अंग उतरलेलं, कोणाचं पांढरं जायचं, कोणाला लघवी धरवत नव्हती. त्या दिवसापासून तुम्ही बायांना घेऊन नागपूरला जायला लागलात. तपासणीच्या टेबलाशी त्यांचा हात धरून उभ्या राहायच्या. त्या घाबरल्या की म्हणायच्या, "माह्याकडे पाय. छताकडे नोको पाहू."

त्याच दिवसांत शहरातून गाड्या यायच्या. कॅमेरे घेऊन माणसं यायची आणि घरोघर एकच विचारायची, घरात कोणी औषध प्यालं का? तुमच्या दारात आले तेव्हा तुम्ही म्हणालात, "कोनी औषध नाई प्यालं. पन मले लय काही सांगाचं हाय, आयकता का?" आणि सुरुवात केलीत. त्यांच्यातली प्रश्न विचारणारी मुलगी ऐकत होती, कॅमेरावाल्यानं मात्र कॅमेरा खाली घेतला. तुम्ही त्याला म्हणालात, "काहून बंद केला? हे बी कापसाचंच हाय." तुमचं म्हणणं त्यानं पुढं दाखवलं की नाही कोण जाणे. मला ते वाक्य अजून पाठ आहे.

एका गोष्टीवर मात्र आपलं कधीच जुळलं नाही. ज्यानं जाळी बसवली त्याच्यावर तक्रार करा, असं मी म्हणत राहिले. जाळीचं असं होऊ शकतं हे त्यानं सांगायला नको होतं का? तुम्ही म्हणायच्या, "तक्रार केली त पेपरात येईन, बाया वाचतीन, आन ऑपरेशनच नोको म्हनतीन. हात दाखवून अवलक्षण म्हनतीन. मंग थे बोळे तसेच राह्यतीन." मी म्हणायचे, अशानं त्याला कोण जाब विचारणार? तुम्ही म्हणायच्या, तू भांडकुदळच आहेस. मग एकदा मला न सांगता तुम्ही एकट्याच त्याच्या दवाखान्यात जाऊन आलात. काय बोललात ते तुम्ही मला सांगितलं नाही. किती खोदून विचारलं, तरी एवढंच म्हणालात, "थ्यानं खुर्ची देली. मी बसली. मंग थ्याले सांगतलं." काय सांगितलं, बाई? त्यानं मान खाली घातली का? पुढच्या बायांना तो आधी सगळं सांगतो म्हणे. ते तुमच्यामुळं का, हे आता मला कधीच कळणार नाही. तरी मी म्हणते की तक्रार करायला हवी होती. बघा, तुम्ही नाहीत तर मी एकटीच भांडते आहे.

आणि शेवटी तुम्ही म्हणत होतात तेच झालं. देवकीचं तुम्हाला ठाऊक आहे. आपल्या मागच्या गल्लीतली, तुमच्यासारखीच जाळी, तुमच्यासारखंच टोचणं. तुम्हीच तिला नागपूरला दाखवून आणलं, तुम्हीच ऑपरेशनची तारीख घेतली. तुम्ही गेलात आणि ती म्हणाली, "मी नाई जात. पंचफुलाबाईले काढून तरी काय भेटलं?" मी समजावलं, रागावले, हात जोडले. ती रडत राहिली, पण हो म्हणेना. तिच्यामागून आणखी दोघी मागं सरकल्या. तुम्ही एवढ्या वर्षांत उभं केलेलं सगळं एका तापानं वाहून जाताना मी बघत होते. जिवंतपणी ओटीचा दोष तुमच्यावर आला, आता मरणानंतर दुसरा येत होता.

तुमच्या आठवणीत पुण्यानुमोदन होतं, विहार भरला होता. भंतेजींचा परित्राणपाठ झाला, सगळ्यांनी साधू, साधू, साधू म्हटलं. मग दोघं-तिघं बोलले. पंचफुलाबाई कष्टाळू होती, पंचफुलाबाई सुस्वभावी होती. सुस्वभावी ऐकून मला हसू आलं, खरंच सांगते. मी बोलायला उठणार तेवढ्यात पुरुषांच्या बाजूनं भासरे उठले. मला वाटलं, पाणी प्यायला चालले असतील. ते पुढं जाऊन उभे राहिले, हातात टोपी.

"मी बोलत नसतो," ते म्हणाले. "आज बोलतो. हिले जाळीनं नेलं असं जो म्हनते, थ्यानं आयकावं. जाळीचं दुखणं म्या घरात पायलं. म्या बाज बाहीर नेली. मले वाटे, तिले तरास नोको. तिले वाटलं, म्या तिले टाकलं. दोघंबी बोललो नाई. ऑपरेशन झालं आन एक दिवस थे सोताच बाज वढत घरात घेऊन आली. म्या म्हटलं, अव, वजन. थे म्हने, आता गुमान आत झोपा." कोणीतरी हसलं, आणि ते थांबले. मग म्हणाले, "त्याच्यानंतर आमी लय चांगले राह्यलो. जाळी काढली म्हनून राह्यलो. देवकीबाई, तारीख चुकवू नोको. मी येतो संगं. बाईमानसाच्या वारडात मले घेनार नाईत, मी बाहीर बसतो."

एवढं बोलून ते जागेवर जाऊन बसले आणि टोपी डोक्यावर घातली. देवकीचा नवरा भासऱ्यांकडे पाहत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी देवकी पिशवी भरून महागावला माझ्या दारात उभी होती.

हे मी नागपूरहून लिहिते आहे, बाई, वॉर्डाबाहेरच्या बाकावरून. देवकीला आत नेलं आहे. डॉक्टरीण बाईंनी सकाळी आल्या आल्या विचारलं, पंचफुलाबाई नाही आल्या? मी सांगितलं. त्यांनी माझा हात धरला, जरा वेळ तसाच धरून ठेवला, आणि मग कामाला गेल्या. ऑपरेशन कसं होतं ते अजून माहीत नाही. तुम्ही देवकीला काहीच खोटं सांगितलं नव्हतं, मीही सांगितलेलं नाही.

भासरे दारापाशी बसून आहेत. मघाशी दुरून कुठून तरी आलेली एक बाई एकटीच तिथं घुटमळत होती. आत पाऊल टाकायची, मागं घ्यायची. तिला टेकायला भिंत हवी होती, बसवत नव्हतं, हे मला इथून ओळखू आलं. मी उठणार होते, पण त्याआधी भासरेच उठले. तिला दार दाखवलं, आणि त्या गजबजलेल्या जागेत, शंभर माणसं येत-जात असताना, तुमचा तो मुका नवरा मोठ्यानं म्हणाला, "जाय आत, माय. घाबरू नोको. माह्या बायकोचं इथंच बरं झालतं."